लेक डिस्ट्रिक्टमध्ये आठवडाभराचं घर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमकडची आपली मंडळी लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडच्या सरोवरं-डोंगरांच्या मुलखात, जातात ती बहुधा एका दिवसासाठी. पहाटे गाडी काढायची, विंडरमिअरला बोटीत बसायचं, फोटो, आईस्क्रीम आणि रात्री घरी. भारतातून आई-बाबा आले की पुन्हा तेच. हा प्रदेश तसा बघून कळत नाही. तो चालायचा आहे. चालायचं तर मुक्काम हवा, आणि आपल्या घरातल्या लहान-थोरांना जमेल असा मुक्काम म्हणजे स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं कॉटेज. हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळा नाहीत, आजोबांना वरण-भात मिळतो, पाऊस लागला तर दुपारी घरात पत्ते खेळता येतात.

माझं एकच मत आहे आणि पुढचं सगळं त्याच्या आधाराने लिहिलं आहे: फोटो बघून घर घेऊ नका. दाराबाहेर पडलं की पायवाट सुरू होते की नाही, ते बघून घ्या. गाडी न काढता चालायला जाता येत असेल, तर ज्याला दमायला झालं तो मधूनच परत येऊ शकतो, आणि पार्किंगच्या शोधात सकाळ जात नाही.

कधी जायचं

मे, जून आणि सप्टेंबर. शाळांच्या सुट्ट्या, म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्ट, ईस्टर आणि फेब्रुवारी, मे, ऑक्टोबरमधल्या आठवडाभराच्या सुट्ट्या, या काळात भाडं चढतं आणि रस्ते तुंबतात. मुलं शाळेत जाणारी असतील तर पर्याय नसतो. मग घर खूप आधी धरा.

जूनअखेरीस पावणेपाचच्या आत उजाडतं आणि रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. आई-बाबांना दुपारी झोप काढून पाचला फिरायला निघता येतं, हे या महिन्याचं खरं सुख. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा पहिल्या खेपेला हिवाळा नको.

कुठे राहायचं

लेक डिस्ट्रिक्ट १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१७ पासून जागतिक वारसा स्थळ. नकाशावर लहान दिसतं, पण दऱ्या मध्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर पसरल्या आहेत. एका दरीतून शेजारच्या दरीत जायला डोंगराला वळसा घालावा लागतो. म्हणून सगळं पाहायच्या हट्टापायी मधोमध घर शोधू नका. एक दरी निवडा आणि तिथेच आठवडा काढा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी केझिक आणि त्याच्या दक्षिणेची बॉरोडेल दरी सुचवते. केझिकमध्ये दुकानं आहेत, सुपरमार्केट आहे, दवाखाना आहे, आणि गावातून दहा-पंधरा मिनिटांत डर्वेंटवॉटर सरोवराच्या काठी पोचता येतं. सरोवरात लाँच फिरते आणि वेगवेगळ्या धक्क्यांवर थांबते, त्यामुळे एका बाजूने चालत जाऊन दुसऱ्या बाजूने बोटीने परतता येतं. बॉरोडेलमधल्या रॉस्थवेटसारख्या वस्तीवर शांतता जास्त आणि डोंगर अंगणात, पण किराणा केझिकहूनच आणायचा. ७८ नंबरची बस केझिकहून याच दरीत जाते.

गाडी नसेल तर लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून पेनरिथपर्यंत थेट गाड्या आहेत, तीन तासांच्या आसपास लागतात. पेनरिथहून केझिकला एक्स ४ आणि एक्स ५ या बस. दक्षिणेकडे राहायचं असेल तर ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअरला जाता येतं, आणि तिथून ५५५ नंबरची बस अँबलसाइड, ग्रासमिअर करत थेट केझिकला येते. या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर तो प्रवास म्हणजे निम्मी सहल. गाडीने येणाऱ्यांनी एम ६ महामार्गावरून केझिकसाठी चाळीसाव्या जंक्शनला, विंडरमिअरसाठी छत्तिसाव्या जंक्शनला बाहेर पडावं.

जाहिरात कशी वाचायची

इथे वेळ घालवा. घराच्या जाहिरातीत जे लिहिलेलं नसतं तेच आपल्याला हवं असतं, तेव्हा बुकिंगआधी मालकाला सरळ विचारा. लोक नीट उत्तर देतात.

जुनी दगडी घरं देखणी असतात, पण जिना अरुंद आणि उभा असतो, दाराची चौकट डोक्याला लागते, आणि बाथरूम बऱ्याचदा एकच, तेही वर. गुडघे दुखणारी आई बरोबर असेल तर पहिला प्रश्न हाच: खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि संडास आहे का? पत्ता मिळाला नाही तरी साधारण जागा कळते. ती नकाशावर टाका आणि घरासमोरून जाणारा रस्ता बघा. इथल्या आडरस्त्यांना फूटपाथ नसतो. पायवाट पाचशे मीटरवर असून उपयोग नाही, ते पाचशे मीटर भरधाव गाड्यांच्या कडेने चालायचे असतील तर.

मग शेगडी. गॅस, साधी इलेक्ट्रिक, की इंडक्शन? इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे चालणारच नाही. फ्रिजवरचा लोहचुंबक काढून भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. बिडाचा तवा मजेत चालतो, फक्त काचेवर घासू नका, ओरखडे पडतात. काही शेतघरांत आगा नावाची ओतीव लोखंडाची भलीमोठी भट्टी असते. ती सदा तापलेली असते आणि तिला बटणाने आच कमी-जास्त होत नाही. स्वयंपाक वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. पहिल्याच खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. असली तर जोडीला साधी शेगडी आहे का ते विचारा.

आणखी तीन गोष्टी विचारायच्या: मोबाइलला रेंज आणि घरात वायफाय आहे का, ओले बूट-कोट वाळवायला जागा आहे का, आणि गाडी दारात लागते की दूर. अभिप्राय वाचताना चांगल्यांपेक्षा मधल्या गुणांचे वाचा. ओल, रस्त्याचा आवाज, गरम पाणी संपणं, हे तिथेच सापडतं.

बुकिंग

हंगामात घरं आठवड्याने मिळतात, बहुतेक शनिवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार. हंगाम सोडून शुक्रवार ते सोमवार तीन रात्री किंवा सोमवार ते शुक्रवार चार रात्री असं मिळतं. बुकिंगच्या वेळी थोडी रक्कम, उरलेली जायच्या काही आठवडे आधी. रद्द केल्यास किती परत मिळतं ते आधी वाचा, विशेषतः आई-बाबांचा व्हिसा अजून हातात नसेल तर. भारतातून येणाऱ्यांचा प्रवास विमा डोंगरात चालण्याला लागू आहे का, तेही पॉलिसीत बघून ठेवा. चादरी आणि टॉवेल भाड्यात धरले आहेत की नाहीत, तेही विचारा.

खर्च जड वाटत असेल तर यूथ हॉस्टेलं विसरू नका. नावात यूथ असलं तरी वयाची अट नाही, कुटुंबासाठी वेगळ्या खोल्या असतात आणि बहुतेक ठिकाणी सामायिक स्वयंपाकघर असतं. जागा तर अशा की पैसेवाल्यांनाही मिळत नाहीत.

स्वयंपाकाचं सामान

कॉटेजमध्ये ताटल्या, पेले, पातेली, किटली, ओव्हन, बहुतेकदा मायक्रोवेव्ह असतं. प्रेशर कुकर नसतो. तवा नसतो, लाटणं बऱ्याचदा असतं पण पोळपाट नाही, सांडशी नाही, चहाची गाळणी नाही. स्टीलचा छोटा कुकर, तवा, लाटणं, सांडशी, गाळणी आणि मसाल्याचा डबा एवढं एका पिशवीत भरलं की आठवडा निघतो. एक प्लास्टिकचं टमरेलही टाका. संडासात पाण्याची सोय नसते आणि वडीलधारी माणसं हे तोंडाने बोलून दाखवत नाहीत.

किराण्यात तूरडाळ, मूगडाळ, बेसन, तांदूळ, भाजणी, गोडा मसाला, हिंग, कढीपत्ता, चिंच-गूळ घरून न्या. केझिकच्या सुपरमार्केटात कांदे-बटाटे, दही, दूध, कोथिंबीर, आलं-लसूण मिळेल, हिंग-भाजणीच्या आशेवर राहू नका. एम ६ वरून येत असाल तर वाटेत प्रेस्टनला भारतीय दुकानं आहेत. इंग्लंडमध्ये मोठी सुपरमार्केटं रविवारी फक्त सहा तास उघडी ठेवता येतात, आणि गावातली लहान दुकानं पाच-साडेपाचला बंद होतात. शनिवारी चारला घर मिळून सामान लावेपर्यंत लहान दुकानांची वेळ टळलेली असते. तेव्हा पहिल्या रात्रीचं आणि दुसऱ्या सकाळचं सामान बरोबरच ठेवा. पहिल्या रात्री मुगाची खिचडी, तूप, भाजलेला पापड. प्रवासाने आंबलेल्या माणसांना याहून जास्त काही नको असतं.

एक गंमत तुम्हाला लगेच जाणवेल: डाळ लवकर शिजते आणि चहाला तवंग येत नाही. लंडनकडचं पाणी जड, चुनखडीचं. इथलं डोंगरातलं पाणी मऊ आहे. केझिकच्या दक्षिणेला थर्लमिअर आहे. तिथे धरण बांधून दीडशे किलोमीटरवरच्या मँचेस्टरला १८९४ पासून पाणी नेलं जातं. तुम्ही मँचेस्टरचे असाल तर ही चव घरचीच आहे.

आता फोडणी. स्वयंपाकघराच्या जवळच धुराचा अलार्म असतो आणि मिरचीच्या फोडणीला तो हमखास वाजतो. खिडकी उघडा, शेगडीवरचा पंखा आधीच लावा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, तेल धुरावू देऊ नका. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा त्याची बॅटरी काढणं, हे कधीही करू नका. याच घरात रात्री लाकडाची चूल पेटवून तुम्ही झोपणार आहात.

हळदीचं तर फार सांभाळा. पांढरा ओटा, लाकडी पाट, प्लास्टिकचे चमचे, सगळं पिवळं होतं आणि डाग सहज जात नाही. मी ओट्यावर आधी बेकिंग पेपर पसरते आणि डबा त्याच्यावरच ठेवते. उरलेलं तेल मोरीत ओतू नका. गावाबाहेरच्या घरांना सेप्टिक टँक असतो, तो तेलाने आणि ओल्या टिश्यूंनी तुंबतो.

पोचल्यावर

किल्ली दाराजवळच्या आकडेवाल्या पेटीत असते, आकडे मेसेजने येतात. हा मेसेज रेंज असतानाच लिहून घ्या. बॉरोडेल, बटरमिअरमध्ये फोन मुका होतो. घरात एक माहितीची वही असते. ती आधी वाचा: हीटिंग कसं चालतं, कचरा कुठे, कुठल्या वारी. लाकडाची चूल असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना ते बघा, आणि लाकूड कोरडंच जाळा. पिशवीवर रेडी टू बर्न असा शिक्का असतो. २०२१ पासून इंग्लंडमध्ये किरकोळ विकायचं लाकूड असं वाळलेलंच असावं लागतं.

पहिलं चालणं

पहिल्या दिवशी डोंगर नको. केझिकहून थ्रेल्केल्डपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर पाच किलोमीटरची सपाट वाट आहे, ग्रेटा नदीवरून अनेक पुलांनी जाणारी. डिसेंबर २०१५ च्या वादळात त्यातले पूल वाहून गेले होते. दुरुस्तीनंतर २०२० अखेरीस ती पुन्हा खुली झाली. बाबागाडी, चाकाची खुर्ची, सगळं चालतं. थ्रेल्केल्डला चहा घ्या आणि बसने परत या. दक्षिणेला राहणाऱ्यांसाठी असंच काम टार्न हाऊज या तळ्याभोवतीचा तीन किलोमीटरचा फेरा करतो.

या पहिल्या चालण्यात इथल्या रीतीही कळतात. पायवाट कुणाच्या तरी शेतातून, कधी गोठ्याला खेटून, कधी घराच्या अंगणातून जाते. आपल्याला अवघडल्यासारखं होतं, पण सार्वजनिक वाट असेल तर तो तुमचा हक्क आहे. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडे-सायकलींनाही मोकळी. फाटक जसं असेल तसं ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. अर्धगोल कठड्यात झुलणारी फाटकं असतात, त्यातून एका वेळी एकच माणूस जातो. आत शिरायचं, फाटक आपल्यामागे ढकलायचं, मग बाहेर पडायचं. पाठीवर मोठी सॅक असेल तर ती आधी काढा. दगडी गडग्यांवर चढू नका, ते चुन्या-मातीशिवाय नुसते रचलेले असतात. एप्रिल-मेमध्ये मेंढ्यांजवळ कोकरं असतात, मुलांना त्यांच्यामागे धावू देऊ नका. समोरून येणारा अनोळखी माणूस हॅलो म्हणतो, आपणही म्हणायचं.

मग डोंगर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॅटबेल्स. केझिकहून लाँचने हॉझ एंडच्या धक्क्यावर उतरा आणि चढायला लागा. शिखर ४५१ मीटरवर, सरोवर ७५ वर, म्हणजे चढ पावणेचारशे मीटरचा. सिंहगड चढलेल्याला आकडा किरकोळ वाटेल. पण वर झाड नाही, आडोसा नाही, लिंबूसरबतवाला नाही, आणि माथ्याच्या आधी दोन ठिकाणी हात टेकून खडक चढावा लागतो. वर पोचलात की डावीकडे अख्खं डर्वेंटवॉटर आणि मागे स्किडॉ डोंगर. ज्यांना चढायचं नाही त्यांनी त्याच धक्क्यावरून काठाकाठाने रानातून चालत पुढच्या धक्क्यावर जावं, सगळ्यांनी तिथे भेटून बोटीने परतावं. एकाच दिवशी घरातल्या सगळ्यांना आपापल्या ताकदीचं चालायला मिळतं, म्हणून मला ही जागा इतकी आवडते.

बटरमिअर सरोवराचा फेरा साधारण सात किलोमीटरचा, जवळजवळ सपाट. एका ठिकाणी वाट खडकात खोदलेल्या छोट्या बोगद्यातून जाते; मुलांना तेवढ्यासाठीही न्या. तिथे जाताना हॉनिस्टरची खिंड लागते, चढ उभा आहे पण जमतो. हार्डनॉट आणि रायनोझ या खिंडी मात्र फोनचा नकाशा कितीही जवळच्या दाखवो, टाळा. तिथला चढ तीनास एक, म्हणजे तीन मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, इतका आहे आणि रस्ता एका गाडीचा.

स्कॉफेल पाइक, ९७८ मीटर, इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर. हेल्वेलिन ९५०. दोन्ही पूर्ण दिवसाची कामं, आणि हेल्वेलिनच्या स्ट्रायडिंग एज या धारेवर नवख्यांनी जाऊच नये. कळसूबाई १६४६ मीटर आहे म्हणून हे सोपं, असा हिशोब करू नका. इथे धुकं दहा मिनिटांत उतरतं आणि जूनमध्येही वर हात गारठतात.

वेळेचा अंदाज बांधायला १८९२ पासूनचा एक नियम आहे, नेस्मिथचा: पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला एक तास. हा सलग चालणाऱ्या तगड्या माणसाचा वेळ. मुलं, आई-बाबा, फोटो, डबा धरून दीडपट-दुप्पट करा.

नकाशा कागदाचा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी कव्हरचा, १:२५,००० प्रमाणाचा. केझिक, बॉरोडेल, बटरमिअरसाठी ओएल ४ क्रमांकाचा, विंडरमिअरकडे ओएल ७. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वाटा. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाटल्या की चढ उभा. उघड्या डोंगरावर बाणाच्या पाट्या नसतात, तिथे हा नकाशाच लागतो. फोनवर ऑफलाइन नकाशा असू द्या, पण जोडीला.

पाऊस

बॉरोडेलच्या टोकाला सीथवेट नावाची वस्ती आहे, इंग्लंडमधली सर्वांत पावसाळी. वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि इतका गार नसतो. इथे बाराही महिने तयारी लागते. जीन्स घालू नका, भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब खाते. छत्री वाऱ्याने उलटते. खरा वॉटरप्रूफ कोट आणि पँट, आत लोकरी किंवा सिंथेटिक कपड्यांचे थर, घोट्याला आधार देणारे बूट, टोपी, हातमोजे. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, रेडिएटरला चिकटवून वाळवू नका.

पावसात डोंगर नको वाटला तर सरोवराकाठची वाट चाला, किंवा ओढे भरले आहेत म्हणून धबधबे बघा. बॉरोडेलमध्ये लोडोर, उल्सवॉटरकडे एअरा फोर्स.

डब्यात दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, गूळपोळी, थर्मासमध्ये चहा. ओढ्याचं पाणी पिऊ नका, वर मेंढ्या चरतात. शिटी आणि टॉर्च सॅकमध्ये हवंच. अडचणीत मिनिटाला सहा शिट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. फोन लागला तर ९९९ वर पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं. हे स्वयंसेवक आहेत आणि पैसे घेत नाहीत. निघण्यापूर्वी ९९९ वर रजिस्टर असा एसएमएस पाठवून फोनची नोंदणी करून ठेवा. बोलण्याइतकी रेंज नसली तरी एसएमएस जाण्याची शक्यता असते.

नेचाच्या झुडपांतून चालून आलात तर रात्री सगळ्यांचे पाय, काखा, मुलांचे कानांमागचे भाग बघा. गोचीड चिकटते, तिच्यातून लाइम आजार होऊ शकतो. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. तेल, आगकाडी वगैरे उपाय नकोत. नंतर लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

निघायच्या दिवशी

दहाला घर सोडायचं असतं आणि सफाईवाले दाराशी येतात, तेव्हा आवराआवर आदल्या रात्री करा. भांडी धुऊन जागेवर, चुलीतली राख पूर्ण विझल्यावरच धातूच्या डब्यात, कचरा वेगवेगळा. सकाळी फोडणी टाळा, वास परद्यांत राहतो. शिल्लक दह्याचा दही-पोहे हा चांगला नाश्ता आहे. ओटा, फ्रिज आणि बाथरूमचा एकेक फोटो काढून ठेवा, अनामत रकमेवरून कधी प्रश्न निघालाच तर उपयोगी पडतो. शनिवार असेल तर केझिकच्या भर रस्त्यात बाजार भरलेला असतो. सामान गाडीत टाकून तिथे तासभर घालवता येतो, आणि बसने आलेल्यांना पेनरिथची बस तिथून चार पावलांवर मिळते.